आवाज अगदी स्वच्छ येतो

तीन फेब्रुवारीला सकाळी बाइंडरांच्या मोबाईलवर घरच्या इंटरनेटचं बिल आलं: एक हजार तीनशे छप्पन्न रुपये. आदल्या महिन्यापर्यंत ते पाचशे एकोणनव्वद येत असे. बाइंडरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा पाहिलं. आकडा जागचा हलला नव्हता.

दुसऱ्या कुणाचं बिल आपल्या गळ्यात पडलं असावं, असं त्यांना वाटलं. फोन खळीच्या डब्याशेजारी पालथा ठेवून ते कामाला लागले. काम म्हणजे कॉलेजातल्या एका मुलाच्या प्रबंधाच्या तीन प्रतींची बांधणी. पूर्वी या दिवसांत दुकानात पुठ्ठ्यांच्या थप्प्यांमधून वाट काढावी लागे. आता कॉलेज प्रबंध कॉम्प्युटरवरच मागून घेत होतं, आणि ज्यांना छापील प्रत हवीच असे ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल घालून घेत. बाइंडरांचं वय बासष्ट, दुकान भाड्याचं. महिनाअखेरीला हाती काय उरतं हे त्यांनी गेल्या दोन वर्षांत बायकोला सांगितलं नव्हतं. तिने विचारलं की ते हाताने 'ठीक' अशी खूण करत आणि विषय बदलत.

हाताने, कारण बाइंडरीणबाईंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गल्लीत सगळे त्यांना बाइंडरीणबाईच म्हणत. दोघांची ओळख झाली ती एका छापखान्यात. बाई तिथे फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या घड्या घातलेल्या छापील पानांचे गठ्ठे, शिवायला होत्या. मशिनं सुरू झाली की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. सगळे संध्याकाळपर्यंत घसा बसवून घेत, आणि एकट्या बाई मजेत हातवारे करत बसलेल्या असत. नव्याने लागलेल्या बाइंडरांनी विचार केला की यापेक्षा हातच शिकलेले बरे. शिकता शिकता त्यांनी लग्न ठरवलं. थोरल्या बहिणीने डोक्याला हात लावला. उद्या भांडण झालं तर काय करशील, असं तिने विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "दिवा मालवीन."

प्रत्यक्षात दिवा मालवायची गरज कधी पडली नाही. भांडणात आपलं म्हणणं मांडून झालं की बाई स्वतःच डोळे मिटून घेत. मग समोरच्याने कितीही हात नाचवले तरी उपयोग नसे. गल्लीतले लोक म्हणायचे, बाइंडर नशीबवान, बायको टोमणे मारत नाही. त्यांना काय माहीत. बाईंच्या एका भुवईत चार बायकांचे टोमणे मावत. शिवाय हातांच्या भाषेत अहो-जाहो नसतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून नवऱ्याला सरळ अरे-तुरे.

ही भाषा काही पुस्तकातली नव्हती. थोडी बाईंनी लहानपणी दोन वर्षं शाळेत शिकलेली, थोडी छापखान्यात घडलेली, बाकी सगळी घरातली. अक्षरओळख बाईंना जेमतेम होती. पानांचे आकडे कधी चुकायचे नाहीत, पण चार ओळींचं पत्र त्यांना वाचता येत नसे. त्यांना एकच मुलगी झाली. तिला ऐकू येत होतं, पण ती तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलू लागली. दूध मागायची ती हातांनी, रुसायची ती हातांनी. पुढे शाळेत गेल्यावर तोंडाचं बोलणं आलं आणि तेही भरपूर आलं. तरी आईपाशी बसली की तिचे ओठ बंद होत आणि बोटं सुटत. मायलेकी इतक्या भरभर बोलत की बाइंडरांच्या हाती निम्मंअर्धंच लागे. काय झालं म्हणून विचारलं तर दोघी एकदमच हात झटकत. काही नाही, बायकांचं आहे.

लेक लग्न होऊन दूर, परदेशात गेली. तिथे ती म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात कामाला होती, जावई सामानाची गाडी चालवत असे. ती गेल्यावर पहिली दोन वर्षं वाईट गेली. घर तळमजल्यावर, मागच्या बाजूला, खिडकीसमोर पाण्याच्या टाकीची भिंत. मोबाईलचं नेटवर्क आत येतच नसे. चेहरा बघून बोलायचं तर रस्त्यावर दिव्याच्या खांबाखाली जाऊन उभं राहावं लागे. बाईंना ते जमेना. येणारेजाणारे थांबून हातांकडे बघत. त्या एकदा म्हणाल्या की रस्त्यात घसा फोडून घरच्या गोष्टी सांगायला तुला आवडेल का? त्यानंतर त्या खांबाखाली गेल्या नाहीत.

म्हणून आदल्या वर्षी जानेवारीत इमारतीच्या फाटकाशी इंटरनेट कंपनीचा माणूस छत्री लावून बसला तेव्हा बाईंनीच नवऱ्याला कोपराने ढोसलं. छत्रीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: दरमहा फक्त चारशे नव्व्याण्णव. बाईंना आकडे वाचता येत होते. त्या माणसाने हसून माहितीपत्रक दिलं, सही घेतली, आणि आठवड्याच्या आत घरात वायर आली, भिंतीवर हिरवे दिवे लुकलुकणारी पांढरी पेटी आली. पहिलं बिल करासकट पाचशे एकोणनव्वद आलं. चारशे नव्व्याण्णवचे पाचशे एकोणनव्वद कसे झाले, असं बाइंडर पुटपुटले, पण कर म्हटला की माणूस गप्प बसतो तसे तेही बसले.

वायर आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी संध्याकाळी, लेकीने जाताना दिलेला टॅबलेट पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि पडद्यावर लेक आली. बोट अन् बोट दिसत होतं. बाईंनी आधी पाच मिनिटं काही विचारलंच नाही, नुसत्या बघत राहिल्या. मग जे सुरू झालं ते वर्षभर दर रविवारी चाललं. बाई दुपारीच हात धुऊन तेल लावून बसत. बाइंडर बाजूला खुर्ची टाकून बसत आणि कळेल तेवढं कळून घेत. शेवटी लेक त्यांच्याशी दोन वाक्यं तोंडाने बोले. जेवलात का बाबा, खोकला कसा आहे. त्यांचा वाटा तेवढाच. वर्ष संपता संपता, जानेवारीच्या एका रविवारी लेकीने पोटाशी हात नेऊन एक खूण केली, आणि बाई उठून टॅबलेटला मिठी मारायला गेल्या. तांब्या कलंडला. बाइंडरांना ती खूण मात्र पहिल्या फटक्यात कळली.

आणि मग हे बिल आलं.

पहिल्यांदा बाइंडर गेले सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. रस्त्यापलीकडच्या इमारतींना दुसऱ्या कंपनीची वायर होती. तिच्या पाटीवर एकच आकडा होता, सहाशे पन्नास, सर्व खर्चासह, आणि तिथल्या शिंप्याला वर्षानुवर्षं तेवढंच बिल येत होतं. ती कंपनी आपल्याकडे येऊ शकेल का, असं बाइंडरांनी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले की सोसायटीने तीन वर्षांचा करार केलाय, दुसऱ्या कुणाची वायर इमारतीत घ्यायची नाही. त्या बदल्यात फाटकावरचे दोन कॅमेरे आणि त्यांची लाईन फुकट मिळाली आहे.

"म्हणजे चोरावर नजर ठेवायचे पैसे मी भरतोय," बाइंडर म्हणाले.

सेक्रेटरी हसले. विनोद चांगला होता, पण करार करारच राहिला.

मग ते कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, आत बोचरी थंडी, नंबर घेऊन बसायचं. काउंटरवरची मुलगी लेकीच्याच वयाची होती. तिने शांतपणे समजावलं: पहिलं वर्ष सवलतीचं होतं, ते संपलं. आता नेहमीचा दर नऊशे नव्व्याण्णव. पेटीचं भाडं पहिल्या वर्षी माफ होतं, ते आता सुरू. देखभालीचे साठ, तेही सुरू. मग कर. हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, असं बाइंडर म्हणाले. तिने खणातून तेच माहितीपत्रक काढलं आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

ती अक्षरं बाइंडरांच्या ओळखीची होती. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर अगदी तळाशी छापखान्याचं नाव टाकतात, त्या मापाची. आयुष्यभर त्यांच्या हातून छापील कागद गेला, पण वाचण्यासाठी कधी गेला नाही. पानांचा क्रम लागलाय ना, समास सारखा सुटलाय ना, एवढंच बघायची सवय. फाटकाशीही त्यांनी हे पत्रक हातात घेऊन पाहिलं होतं, आणि ते कडेला सरळ कापलेलं आहे याबद्दल मनातल्या मनात शाबासकी दिली होती.

"काका, तुम्ही घरी मुख्यतः कशासाठी वापरता?" मुलीने विचारलं.

"मुलीशी बोलायला. रविवारी."

"बाकी काही नाही? सिनेमे वगैरे?"

"छे."

"मग एवढं मोठं पॅकेज कशाला ठेवताय? छोटं घ्या. तीनशे नव्व्याण्णव. बोलण्यापुरतं भरपूर आहे." ती मनापासून सांगत होती. तिने काउंटरवरचा एक फोन पुढे केला. तो याच छोट्या पॅकेजवर चालतो, हवं तर मुलीला लावून बघा, म्हणाली. बाइंडरांनी लेकीला फोन लावला. ती नुकतीच कामावरची पाळी संपवून आली होती. काय बाबा, या वेळेला कसे, असं तिने विचारलं आणि आवाज असा आला, जणू ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली होती. बाइंडर दोन मिनिटं बोलले आणि फोन परत देत म्हणाले, "आवाज अगदी स्वच्छ येतो."

मुलीने तसं टिपून घेतलं आणि सही घेतली. छोट्या पॅकेजवर चित्राचं काय होतं, हे तिने सांगितलं नाही. कामाला लागल्यापासून तिला कुणी ते विचारलं नव्हतं. बाइंडरांनीही विचारलं नाही. त्यांना कान होते. त्यांनी कानाने पारखून घेतलं. सहीबरोबर नवं वर्षभराचं बंधन सुरू झालं, मधे पॅकेज बदललं तर दंड, आणि तीनशे नव्व्याण्णवचं बिल भाडं व कर धरून पाचशे सत्त्याहत्तर येणार, हेही त्या कागदावर होतं. कुठल्या मापाच्या अक्षरात, ते सांगायला नकोच.

पहिल्याच रविवारी लेक पडद्यावर आली आणि तिचे हात वितळले. चेहरा होता, खांदे होते, पण मनगटाच्या पुढे नुसते करडे चौकोन. मधेच चित्र थिजे, मग चार खुणा एकदम उड्या मारून निघून जात. बाई टॅबलेटला नाक लावून बघू लागल्या. पुन्हा सांग, पुन्हा सांग. लेकीने दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. मग ती तोंडाने म्हणाली, "बाबा, ऐकू येतंय का तुम्हाला?" ऐकू येत होतं. लख्ख ऐकू येत होतं. "मग आईला सांगा ना," ती म्हणाली.

बाईंनी नवऱ्याला विचारलं, काय झालंय याला? बाइंडर म्हणाले, वायरचं काम चालू आहे, होईल नीट. पैशांची गोष्ट काढली असती तर दुकानाची निघाली असती, आणि ती काढणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

वायरचं काम चालूच राहिलं. लेक तोंडाने बोले, बाइंडर ऐकत आणि बाईंना सांगत. सुरुवातीला सगळं सांगत. पण कुणाचं दहा मिनिटांचं बोलणं ऐकून हातांनी उलगडायचं तर निम्मं तिथेच सांडतं. हळूहळू त्यांचं सांगणं आखूड झालं. ती बरी आहे. थंडी आहे तिकडे. काम खूप आहे. एकदा बाई म्हणाल्या, "इतका वेळ ओठ हलवलेस आणि एवढंच?" बाइंडर म्हणाले, एवढंच.

आणि एक गोष्ट त्यांनी स्वतःशीसुद्धा नीट कबूल केली नव्हती. त्यांना ते आवडू लागलं होतं. तीस वर्षं ते मायलेकींच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. आता लेक त्यांची होती. ती त्यांना आश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या नकला करून दाखवी, नवऱ्याची तक्रार सांगे, आणि बाबा, तुम्ही किती छान ऐकून घेता, असं म्हणे. रविवार आला की तेच घड्याळाकडे बघू लागले. बाई पहिल्यांदा खुर्ची मागे सरकवून बसू लागल्या, मग स्वयंपाकघरातून येऊन नुसता हात हलवून जाऊ लागल्या. हात हलवताना त्या पोटावर गोल हात फिरवून विचारत, कसं आहे? पलीकडे ते कितपत पोचे, देव जाणे.

एप्रिलमध्ये लेकीने रविवार नसताना दुकानात फोन केला. बाळ गेलं होतं. पाचवा महिना लागता लागता गेलं. ती आधी बोलत होती, मग रडत होती, मग पुन्हा बोलत होती. बाइंडर हातातली सुई तशीच धरून ऐकत राहिले. आईला मला हातांनी सांगता येणार नाही बाबा, ती म्हणाली. चित्र तुटतं, आणि मला अशी गोष्ट तीन-तीनदा सांगता येणार नाही. तुम्हीच सांगा.

त्यांनी हो म्हटलं.

घरी आले तेव्हा बाई दिव्याखाली बसून पांढऱ्या मऊ कापडाला बारीक टाके घालत होत्या. बाइंडर समोर बसले. तोंडाने वाईट बातमी सांगताना माणसाला खिडकीबाहेर बघता येतं, चष्मा पुसता येतो. हातांनी सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं, आणि ती खूण स्वतःच्या अंगावर करावी लागते. पोटाशी हात न्यायचा आणि रिकामा करून दाखवायचा. बाइंडरांचा हात गुडघ्यावरून उठला आणि परत गुडघ्यावर पडला. बाईंनी मान वर केली, काय म्हणून विचारलं. काही नाही, ते म्हणाले. दमलोय.

उद्या सांगू, रविवारी सांगू, लेक जरा सावरली की सांगू. लेकीने विचारलं, आईला सांगितलंत ना? ते म्हणाले, हो. मग ती काही म्हणाली का? ते म्हणाले, तिला फार लागलंय, ती काही बोलत नाही. आणि पुढच्या रविवारी बाई स्वयंपाकघरातून आल्या, टॅबलेटकडे बघून तोंडभर हसल्या, हात हलवून आत गेल्या.  मग लेकीने बाइंडरांना खोकला कसा आहे, असं विचारलं.

असं जुलैपर्यंत चाललं. बाई महिने मोजत होत्या आणि बाइंडर हो-हो करत होते. सकाळी ते लवकरच दुकानात पळत.

जुलैत बाईंचा धीर सुटला. वरच्या मजल्यावर कंपनीचा वायरमन आलेला त्यांनी पाहिला, आणि तो जिन्यावरून उतरताना त्याची बाही धरून सरळ घरात आणला. पेटी दाखवली, टॅबलेट दाखवला, स्वतःची बोटं हवेत हलवून ती कशी विरघळतात ते दाखवलं. बिचारा भला माणूस होता. त्याने पेटी तपासली, वायर तपासली. तेवढ्यात बाइंडर जेवायला आले.

"काका, लाईनला काहीच झालेलं नाही," तो म्हणाला. "तुमचं पॅकेज छोटं आहे. फेब्रुवारीत तुम्हीच कमी करून घेतलंय. यावर बोलणं होईल, चित्र नाही चालायचं."

बाईंना त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांना तेवढं पुरलं.

वायरमन गेल्यावर बाइंडरांनी सगळं सांगितलं. बिल सांगितलं, दुकान सांगितलं, काउंटरवरचा फोन सांगितला. एकदा सुरू झालेले हात थांबेनात, आणि शेवटी त्यांनी ते स्वतःच्या पोटाशी नेले आणि रिकामे केले. बाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. बाइंडरांना ती खूण दुसऱ्यांदा करावी लागली.

कधी, असं बाईंनी विचारलं. एप्रिल, ते म्हणाले.

 बाइंडर वाट बघत होते की आता त्या डोळे मिटून घेतील. त्यांनी मिटले नाहीत.

"मी त्या रविवारी हसले," त्या म्हणाल्या. "ती बघत होती. मी हसले."

मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ती काय म्हणाली ते तू मला सांगत होतास. मला ते नको होतं. मला तिच्याकडे बघायचं होतं."

पांढरं कापड त्यांनी घडी करून ठेवलं. कुठे ठेवलं ते बाइंडरांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाइंडरांनी दुकानातला पितळी ठशांचा पेटारा उघडला. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी नाव उमटवायची अक्षरं. तापवायची, सोनेरी कागदावरून दाबायची. छापखाना बंद पडला तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात मिळालेली. गेल्या वर्षभरात कुणी सोनेरी नाव मागितलं नव्हतं. ती मोडीत काढायला नेली तेव्हा मोडवाल्याने तराजूत टाकली. अक्षरांचे संच पुरे आहेत, एकही हरवलेलं नाही, असं बाइंडर सांगू लागले, तेव्हा तो म्हणाला की काका, पितळ वजनावर जातं. दोन हजार एकशे पन्नास आले.

ते घेऊन ते कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवर तीच मुलगी होती. मोठं पॅकेज परत हवं, असं त्यांनी सांगितलं. तिने पडदा बघितला आणि तिचा चेहरा पडला. वर्ष पुरं झालेलं नव्हतं, त्यामुळे बदलाचा आकार कर धरून आठशे पंच्याऐंशी, शिवाय पहिल्या महिन्याचे तेराशे छप्पन्न.

"छोटं का चाललं नाही काका? आवाज तर येत होता ना?"

"तिच्या आईला ऐकू येत नाही," बाइंडर म्हणाले. "त्या दोघी हातांनी बोलतात."

मुलीने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मला विचारायला हवं होतं."

"मला सांगायला हवं होतं," बाइंडर म्हणाले. मग त्यांनी तिला एक विनंती केली: या महिन्यात किती, पुढच्या महिन्यात किती, वर्षानंतर किती, आणि सोडायचं झालं तर किती, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे. तिने पडदाच त्यांच्याकडे वळवला आणि कोऱ्या कागदावर एकेक आकडा लिहून दिला. असं लिहून द्यायची पद्धत नाही, असं ती हळूच म्हणाली. बाइंडरांनी तो कागद जागेवरच सगळा वाचला, खालपासून वर.

रविवार आला. बाईंनी दुपारी हात धुतले. या वेळी बाइंडरांनी खुर्ची बाजूला टाकली नाही. ते दारात उभे राहिले. लेक पडद्यावर आली तेव्हा तिच्या बोटातली अंगठी दिसत होती, नखं दिसत होती.

बाईंनी हात वर केले आणि सांगितलं की मला माहीत नव्हतं. तुझ्या बापाने मला आत्ता या आठवड्यात सांगितलं. मी हसले तेव्हा मला माहीत नव्हतं.

 लेकीने उत्तर दिलं. ती सावकाश बोलत होती, एकेक खूण आठवून करावी तशी, त्यामुळे दारातून बाइंडरांना सगळं कळलं. मला वाटलं तुला माहीत आहे, ती म्हणाली. मला वाटलं, आई एवढी कशी. मी तुझ्यावर खूप रागावले होते. दोन महिने रोज रात्री मनात तुझ्याशी भांडले.

"मग आता भांड," बाई म्हणाल्या.

"आता राग नाही आई. रडणंही झालं. ते सगळं झालं."

बाईंचं झालं नव्हतं. त्यांचं चार दिवसांपूर्वी सुरू झालं होतं. त्या विचारू लागल्या. दुखलं का खूप? कोण होतं जवळ? तू काय खाल्लंस? त्याचं काय केलं त्यांनी, तुला दाखवलं का? लेक उत्तरं देत होती, थोडक्यात, चुकीचं काही न सांगता, आश्रमातल्या एखाद्या म्हातारीला द्यावीत तशी. ज्याला ते सगळं भरभरून सांगितलं होतं, तो माणूस दारात उभा होता. एकदा तिला खूण आठवेना. तिने मान वळवली आणि तोंडाने म्हणाली, "बाबा, आईला सांगा ना, मी आता ठीक आहे म्हणून."

बाईंनी ओठ हलताना पाहिले. चित्र इतकं स्वच्छ होतं की ते कुणाकडे बघून हलले, तेही दिसलं. त्या वळल्या आणि त्यांनी नवऱ्याला विचारलं, काय म्हणते?

बाइंडर पुढे आले आणि त्यांनी सांगितलं, ती ठीक आहे म्हणते.

बाईंनी मान हलवली. लेकीला जेवून घे म्हणून खूण केली, हात हलवला आणि उठून आत गेल्या. लेक आणि बाइंडर एकमेकांकडे बघत राहिले. मग लेकीने कामाची वेळ झाली असं सांगून पडदा बंद केला.

लाईन अजून मोठ्या पॅकेजवर चालू आहे. लेक दर रविवारी येते. बाई तिच्याशी हवापाण्याचं बोलतात, जावयाची चौकशी करतात आणि मग टॅबलेट नवऱ्याकडे सरकवतात. बाइंडर तो परत त्यांच्याकडे सरकवतात. काही रविवारी तो मधेच राहतो.

पॅकेज बदलताना काउंटरवर एकूण दोन हजार दोनशे एक्केचाळीस भरायचे होते आणि बाइंडरांकडे मोडीचे दोन हजार एकशे पन्नासच होते. उरलेले एक्याण्णव त्या मुलीने स्वतःच्या पर्समधून घातले होते. पुढच्या महिन्यात बाइंडर पैसे द्यायला गेले तेव्हा काउंटरवर दुसरी मुलगी बसली होती, आणि आधीची कुठे गेली ते तिला माहीत नव्हतं. ते एक्याण्णव रुपये अजून द्यायचे आहेत.